थंडी, रविवार आणि राणीची बाग

मुंबईची थंडी मोजायला तापमापक फारसा उपयोगाचा नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली. तो आजवरचा नीचांक, आणि त्या एका रात्रीच्या भांडवलावर शहर साठ वर्षांहून अधिक काळ थंडीच्या गप्पा मारतंय. एरवी डिसेंबरात कुलाब्याचा पारा पहाटेसुद्धा विशीच्या आसपासच रेंगाळतो. नाशिकचा माणूस ज्या हवेत पंखा लावून झोपेल, त्या हवेत लालबागच्या चाळीत कपाटातले स्वेटर बाहेर निघतात आणि शेजारणी एकमेकींना सांगतात, "काल रात्री काय गारवा होता गं!"

त्यांना हसू नये. ऑक्टोबरचा उकाडा ज्यांनी दहा बाय दहाच्या खोलीत काढलाय त्यांनाच त्या गारव्याची किंमत कळते. अंगाचा घाम वाळतो, रस्त्यारस्त्यांवर सातवीण फुलते, सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं आणि मुंबईकराला घराबाहेर पडायची हुक्की येते. दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो, मुलांना शाळेची सुट्टी असते. मग प्रश्न एकच, जायचं कुठे? गिरगाव, परळ, लालबाग, दादरच्या मराठी घरांत या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं उत्तर होतं: राणीच्या बागेत.

हे उत्तर आपोआप तयार झालेलं नाही. बाग, ट्राम आणि रविवार या तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. त्यांतली बाग सरकारदरबारच्या मंडळींनी केली, ट्राम कंपनीने आणली, आणि रविवार मात्र भांडून मिळवावा लागला. म्हणून या सहलीची कुळकथा सांगायची तर लाटसाहेबांच्या बंगल्यापासून सुरुवात करून गिरणीच्या फाटकापर्यंत यावं लागतं.

बागेचं मूळ भायखळ्यात नाही, शिवडीत आहे. पश्चिम हिंदुस्थानची कृषी व उद्यान संस्था १८३०च्या दशकात शिवडीला झाडं लावत होती. हौसेची बाग नव्हती ती. परदेशातली कोणती पिकं, कोणती फळझाडं, कोणती फुलं इथल्या मातीत तग धरतात, हे पाहण्याचा तो कारखाना होता. पुढे शिवडीची ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली, आणि आज तिथे जुन्या मुंबईतले कितीतरी साहेब चिरनिद्रा घेत आहेत. संस्थेला माझगावातल्या माउंट इस्टेटवर ३३ एकर जागा मिळाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती लोकांसाठी उघडली. व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं, म्हणून व्हिक्टोरिया गार्डन्स. मराठी माणसाने त्याची राणीची बाग केली आणि विषय संपवला.

तारीख नोव्हेंबरची आहे याकडे लक्ष द्या. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचं वर्ष तीन गावांत वाटलेलं असे: उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे आणि थंडीत मुंबई. पाऊस सरला, रस्ते कोरडे झाले की सरकार पुण्याहून खाली उतरे आणि मुंबईचा हंगाम सुरू होई. मेजवान्या, शर्यती, कोनशिला, उद्घाटनं सगळी याच दिवसांत. विलायतेहून येणारे राजपुत्रही हाच मुहूर्त धरत. प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईच्या धक्क्याला लागले ते ८ नोव्हेंबर १८७५ रोजी. त्यांचे चिरंजीव आले ९ नोव्हेंबर १९०५ रोजी, आणि पुन्हा बादशहा होऊन २ डिसेंबर १९११ रोजी. नातू आले १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, तेव्हा मात्र शहराने त्यांचं स्वागत हरताळाने आणि दंगलीने केलं. थोडक्यात, मुंबईत थंडीत बाहेर पडावं, मिरवावं, लोकांनी लोकांना पाहावं, ही रीत प्रथम साहेबाची. आपण ती उचलली, आणि त्याच्यापेक्षा चांगली चालवली असं माझं मत आहे.

तेव्हा गव्हर्नराचा वाडा मलबार हिलला नव्हता, परळला होता. आज जिथे हाफकिन संस्था आहे तीच ती वास्तू. परळहून कोटात जाणारा रस्ता भायखळ्यावरूनच जाई. म्हणजे नवी बाग लाटसाहेबांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर होती. भायखळाही त्या काळी बड्यांची वस्ती. शेठियांचे बंगले, साहेबांचा भायखळा क्लब, घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, सगळं याच भागात. बागेच्या दारात बग्ग्या उभ्या राहत. बागेशेजारी संग्रहालय उभारायचं ठरलं त्याच्या समितीत गिरगावचे नाना शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी लाड होते, जॉर्ज बर्डवुड होते. पैसा कापसाचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं आणि मँचेस्टरला मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने जात होता. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि संग्रहालयाचं काम अर्ध्यावर लोंबकळलं. ते २ मे १८७२ रोजी एकदाचं उघडलं तोवर नाना जाऊन सात वर्षं होत आली होती.

उद्यान संस्थेलाही पुढे हा पांढरा हत्ती पोसवेना. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. कागदोपत्री हा साधा मालकीबदल, पण या कथेतलं पहिलं मोठं वळण इथेच आहे. संस्थेची बाग सभासदांची असते. पालिकेची बाग, निदान तत्त्वतः तरी, पट्टी भरणाऱ्या प्रत्येकाची. पालिकेने बागेत जनावरं वाढवली. १८९०च्या सुमारास त्यांच्यासाठी १५ एकरांची भर घातली. आणि बागेला झाडं बघायला येणारे किती आणि वाघ बघायला येणारे किती, याचा निकाल कायमचा लागला.

दुसरी गोष्ट ट्रामची. ९ मे १८७४ रोजी मुंबईच्या रस्त्यावर पहिली ट्राम धावली. घोडे ओढत होते. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे ठेवलं होतं, म्हणजे मजुराच्या दृष्टीने चैनच. पण भाडं हळूहळू उतरलं आणि शतक संपता संपता एका आण्यात कुठूनही कुठेही जाता येऊ लागलं. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. आता परळ रस्त्यावरून बागेच्या दारात उतरता येऊ लागलं, आणि गिरगावकरालाही एखादी ट्राम बदलून मुलाबाळांसह पोचता येऊ लागलं. ट्रामची शेवटची फेरी ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी झाली. दादर टी.टी.तला तो टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी टॅक्सीवाल्याला आपण अजून तेच सांगतो.

पण बाग आहे, ट्राम आहे आणि सुट्टीच नाही, तर काय करायचं? लालबाग-परळच्या गिरण्यांत माणसं उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत होती, आठवड्याचे सातही दिवस. सणासुदीच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर दिवसाच्या उजेडात आपल्याच गल्लीचं तोंड बघायची सोय नव्हती. नोव्हेंबरातली सकाळ कितीही छान असो, ती भोंग्याच्या आत जाई. ज्याला सहल म्हणतात ती या माणसाच्या वाट्याला यायची तर आधी एक मोकळा दिवस हवा होता.

तो दिवस मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला माणूस. गिरणीत नोकरी केलेली, त्यामुळे कामगारांचे हाल ऐकीव नव्हते. 'दीनबंधु' पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, देशातली अशी पहिलीच. मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, कामावर इजा झाली तर भरपाई. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज गेला. मालकांनी दाद दिली नाही. सहा वर्षं हे चाललं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, हे मुद्दाम सांगायला हवं. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारच का? साहेबाच्या चर्चचा वार म्हणून, असं आपण सहज म्हणून टाकतो. लोखंड्यांची बाजू वेगळी सांगितली जाते: रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कष्टकऱ्याला तोच मोकळा हवा. घाटावरून आलेला जो कामगार गळ्यात भंडाऱ्याची पिशवी बांधून गिरणीत जाई त्याला हे पटवायला भाषणाची गरज नव्हती. म्हणून शनिवारी रात्री निवांत झोपणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी लोखंड्यांचं नाव घ्यावं. दहा जूनला त्यांच्या नावाने शहरात काही घडतं का, हे मात्र विचारू नये.

या कथेत लोखंडे आणखी एकदा येतात, आणि तेही राणीच्या बागेत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भयंकर दंगल झाली. गिरणगावही त्यात होरपळला. त्यानंतर दोन्हीकडच्या माणसांना एकत्र आणण्यासाठी लोखंड्यांनी एकोप्याची सभा भरवली ती याच बागेत. जागा निवडण्यात शहाणपण होतं. कोटातली मैदानं साहेबाची, मोहल्ले आणि वाड्या ज्याच्या त्याच्या. राणीची बाग ही दोन्ही बाजूंचे लोक बायकामुलांसह आधीपासून येत होते अशी जागा होती. लग्नकार्याला दोन घराण्यांना तिसऱ्याच्या अंगणात बसवतात, तसंच हे.

आणि मग एक वाईट हिवाळा आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग दिसला. हा रोग उन्हाळ्यात दबतो आणि थंडीत फणा काढतो. ज्या महिन्यांत शहराने बाहेर पडून मजा करायची, त्याच महिन्यांत लाखो माणसं बोचकी घेऊन बोटीने आणि रेल्वेने मुंबई सोडून पळाली. गिरण्या ओस पडल्या. माणसांची सेवा करता करता लोखंड्यांनाच प्लेगने गाठलं; ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आत. परळचा वाडा गव्हर्नरांनी तोवर सोडला होता. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तिथे गेली.

प्लेग ओसरल्यावर शहर पुन्हा भरलं, कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे आले आणि सहलीला तिचं खरं रूप मिळालं. गिरणगावात तेव्हा बहुतेक पुरुष एकेकटे राहत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसं, जेवण खानावळवाल्या बाईकडे, बायकापोरं गावी. भाताची कापणी-झोडणी आटपली की दिवाळीनंतर गावाकडचं कुणीतरी मुंबई बघायला येई. भाऊ, मेव्हणा, कधी आई. मग रविवार आला की पाहुण्याला घेऊन निघायचं. पाहुणा म्हणायचा, "दादा, वाघ जिता हाय ना रं?" आणि मुंबईत मुरलेला दादा, जणू वाघ त्यानेच पाळलाय अशा थाटात म्हणायचा, "चल तर खरा." लालबागेहून चालत अर्ध्यापाऊण तासाची वाट. ट्रामचा आणा वाचला तर तो चण्यांना.

मुंबई बघण्याची जी यादी गावोगाव पाठ होती तीत राणीची बाग सर्वांत जुनी. बाकीची ठिकाणं मागाहून आली: हँगिंग गार्डन १८८१ मध्ये, गेटवे १९२४ मध्ये, तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये, आणि म्हातारीचा बूट त्याच्याही नंतर. यादी वाढली तरी पहिला नंबर हलला नाही, कारण बागेत बसून जेवता येत होतं. गेटवेला काय खाणार, वारा?

मध्यमवर्गीय गिरगाव-दादरची सहल थोडी वेगळी होती, आणि तिचं एक शास्त्र होतं. आदल्या रात्री बटाट्याची कोरडी भाजी, कारण रस्सा डब्यातून सांडतो. पोळ्या सुती फडक्यात. दशम्या असतील तर उत्तम, त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दिवाळीच्या फराळातले तळाशी उरलेले, कुणी घरात शिवत नाही असे शंकरपाळे डालड्याच्या डब्यात भरून. बागेत तेच डबा खरवडून संपतात. पाण्याचा फिरकीचा तांब्या. बसायला सतरंजी नसेल तर जुने पेपर. मुलांच्या अंगात स्वेटर, कारण महिना थंडीचा. दहा वाजता तो स्वेटर कंबरेला बांधलेला आणि बारा वाजता आईच्या पिशवीत. वडीलधारं कुणी असेल तर त्यांना आधी सावलीत बाकावर बसवायचं आणि "अण्णा, इथून हलू नका" असं सांगून पुढे जायचं. आजी मात्र बसत नसे. तिला हत्ती बघायचा असे, गणपतीचं रूप म्हणून हात जोडायचे असत.

हत्तीवरून फेरी मारायला मिळे तो काळ आज सत्तरीत असलेल्या मंडळींना स्वच्छ आठवतो. शिडीवरून चढायचं, पाठीवरच्या बाकड्यावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचं आणि हत्तीने पहिलं पाऊल टाकलं की शेजारच्याचा हात घट्ट धरायचा. माकडांना शेंगदाणे फेकणं हा तर हक्कच समजला जाई. पुढे नियम आले, फेऱ्या थांबल्या, खाणं टाकायला बंदी झाली. ठीकच झालं. लोकांची मजा म्हणजे जनावराची शिक्षा हे तेव्हा कुणाच्या मनात येत नसे, आपल्या आईवडिलांच्याही नाही.

जिवंत हत्तीपेक्षा मला या बागेतला दगडी हत्ती जास्त बोलका वाटतो. संग्रहालयाच्या बाहेर तो उभा आहे. येणारी दहातली नऊ माणसं त्याच्याशेजारी फोटो काढून पुढे जातात. जरा जवळ जाऊन बघा. काळ्या बसाल्टचा, अंगावर शतकांचं ऊनपाऊस खाल्लेला, नक्षीकाम असं काही नाही. मान, पोट, पाय यांवरून सांधे गेलेले दिसतात, जणू कुणी मोडलेली मूर्ती धीराने जुळवली आहे. तसंच झालं आहे. हा हत्ती घारापुरीचा. बेटावर उतरायच्या जागेजवळ तो उभा होता. पोर्तुगिजांनी त्याला पाहिलं आणि बेटालाच एलेफंटा नाव दिलं. म्हणजे जगभर ज्या नावाने ती लेणी ओळखली जातात ते नाव ज्याच्यामुळे पडलं तो स्वतः लेण्यांजवळ नाही, भायखळ्यात आहे.

तो इथे कसा आला? १८६४ मध्ये त्याला उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. यारी लावली, दगडाचं वजन तिला पेललं नाही, यारी मोडली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. तुकड्यांना लंडनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ते राणीच्या बागेत आणून टाकले. तिथे ते पन्नास वर्षं पडून होते. १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. विलायतेला जाता जाता राहिलेला हा हत्ती भायखळ्याला लाभला, हे आपलं भाग्य. यारी मजबूत असती तर आज त्याला बघायला व्हिसा काढावा लागला असता.

बागेतला दुसरा निर्वासित म्हणजे काळा घोडा. १८७५ च्या नोव्हेंबरात आलेल्या त्या राजपुत्राची आठवण म्हणून आल्बर्ट ससूनने घोड्यावर बसलेला त्याचा पुतळा शहराला दिला. तो १८७९ मध्ये उभा राहिला आणि एका अख्ख्या भागाला आपलं नाव देऊन बसला. स्वातंत्र्यानंतर राजेराण्यांचे पुतळे चौकांतून हलवले गेले, आणि १९६५ मध्ये घोडा स्वारासकट राणीच्या बागेत आला. आईच्या नावाच्या बागेत मुलगा. हंगामाचा तो जुना पाहुणा आता दर रविवारी लालबागच्या पोरांना बघतो, पोरं मात्र त्याच्याकडे बघत नाहीत.

पुतळ्यांबरोबर नावंही बदलली. १९६९ मध्ये बाग वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली, आणि १९७५ मध्ये व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. ते योग्यच होतं, भाऊंनी त्यासाठी झोळी फिरवली होती. बागेच्या बाबतीत लोकांनी स्वतःची सोय पाहिली. तिकीट जिजामाता उद्यानाचं काढायचं आणि घरी सांगायचं राणीच्या बागेत गेलो होतो. नाही तरी जिजाऊ कुणाच्या मनात राणी नाही?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तोही ऐन थंडीत. अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, आणि त्याबरोबर रविवारची किंमतही गेली. ज्याला सोमवारी कामावर जायचंच नाही त्याला रविवार कसला? पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात आज थंडीच्या सुट्टीत झुंबड उडते. तिथेही मुलं धावतात, आईबाप दमतात, फोटो निघतात. फक्त घरचा डबा उघडता येत नाही. सहल या गोष्टीचा कणा माझ्या मते डबा होता, आणि तो मोडला तिथे सहलीची खरेदी झाली.

बागेवरही संकटं आलीच. २००७ मध्ये ती पार बदलून आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायची शेकडो कोटींची योजना पुढे आली. झाडांचं काय, हा प्रश्न शहरातल्या काही नागरिकांनी विचारला, आणि नुसता विचारून थांबले नाहीत. त्यांनी झाडांची नोंद केली, वारसा समितीपुढे बाजू मांडली, वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. तीन हजारांवर झाडं आणि जवळजवळ तीनशे जाती, हे सगळं भायखळा आणि लालबागच्या मधोमध उभं आहे हे मुंबईला त्यांनी नव्याने सांगितलं. शिवडीच्या संस्थेचा मूळ हेतू, झाडं लावून बघण्याचा, दीडशे वर्षांनी असा उपयोगी पडला. उर्वशी, कैलासपती, गोरखचिंच, कृष्णवड ही झाडं एका फेरीत बघायला मिळतील अशी दुसरी जागा या शहरात शोधून दाखवा. कृष्णवडाचं पान तळाशी द्रोणासारखं मुडपलेलं असतं; बाळकृष्णाने त्यात लोणी ठेवलं म्हणतात. पोरांना हे सांगितलं की वाघाची रांगसुद्धा दोन मिनिटं विसरली जाते.

मग २०१६ मध्ये पेंग्विन आले. दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन, आणि त्यांच्यामागून वाद, विनोद, राजकारण. एक पक्षी काही महिन्यांतच दगावला. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी उघडलं आणि गर्दी आवरेना. त्या वर्षी ऑगस्टपासून मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं. आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांना शंभर. शंभर रुपये मॉलच्या मानाने काहीच नाहीत हे खरं. पण ज्या बागेत गिरणीकामगार ट्रामचा आणा वाचवून येत होता तिथे पाचाचे पन्नास होताना आवाज फारसा झाला नाही, हे मला अजून खटकतं. घरात चार नव्हे, सहा माणसं असणारी कुटुंबं अजूनही याच शहरात राहतात.

पेंग्विनांची एक गंमत सांगायलाच हवी. हे पक्षी बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या दालनात तापमान १६ ते १८ अंश ठेवतात. म्हणजे डिसेंबरातल्या बहुतेक दिवशी मुंबईतली खात्रीची थंडी हवी असेल तर ती राणीच्या बागेत काचेपलीकडे आहे. लोकांना ती अंगाला लागत नाही, पण दिसते. आणि मुंबईकराला तेवढंही पुरतं.

जायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरसारखे दिवस नाहीत. पाऊस नाही, चिखल नाही, ऊन सोसवतं आणि सकाळी जनावरं सुस्तावलेली नसतात. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत दहा मिनिटांची वाट आहे. दारातून सरळ पेंग्विनकडे धावू नका. आधी दगडी हत्तीचे सांधे बघा, मग झाडं, मग वाघ. शक्यतो रविवार टाळा, कारण लोखंड्यांची पुण्याई अजून शाबूत आहे आणि रांग फाटकाबाहेर जाते. बुधवारी बाग बंद असते. मात्र बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद करतात.